सातशे ग्रॅम वाळू

माझी भाची ह्यूस्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ती दवाखान्यात बसत नाही, रुग्णांच्या घरी जाते. कुणाला पक्षाघात होऊन गेलेला असतो, कुणाचा खुबा बदललेला असतो, कुणी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पलंगावरून पाय खाली सोडायलाही घाबरत असतं. रोज अशी पाच-सहा घरं होतात. हिवाळ्यात शेवटच्या घरातून बाहेर पडेपर्यंत अंधार पडलेला असतो. गेल्या नोव्हेंबरात एका वसाहतीच्या पार्किंगमध्ये दोन माणसं तिच्या मागोमाग तिच्या गाडीपर्यंत आली. तिने आत बसून दारं लावली, ती दोघं काचेपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. घडलं ते एवढंच. पण त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा आवाज अजून सावरलेला नव्हता.

"मामा, मला पिस्तूल घ्यायचंय. कामावर जवळ ठेवता येईल, कुणाला दिसणार नाही असं. सगळ्यात लहान कुठलं, तेवढंच सांग."

मी पंधरा वर्षांपासून टेक्सासचा परवानाधारक आहे, महिन्यातून दोनदा रेंजवर सराव करतो, म्हणून तिने मला विचारलं. नाव सांगणं सोपं होतं. पण नोकरीची सगळी वर्षं मी पंप बसवण्यात घालवली आहेत आणि त्या कामात एक गोष्ट हाडीमाशी मुरली आहे. यंत्रातून काढलेलं वजन नाहीसं होत नाही. पंपाचा पाया हलका केला की थरथर पाइपात जाते. पाइप आवळून धरला की ती बेअरिंगमध्ये शिरते. ज्याने पाया हलका केला तो खूश असतो, कारण बेअरिंग जातं तेव्हा तो तिथे नसतो. पिस्तुलाचंही असंच आहे. हत्यार लहान आणि हलकं करता येतं, पण कमी केलेलं वजन कुठे ना कुठे सरकतं, आणि बहुतेक वेळा ते बाळगणाऱ्या माणसावर येतं. ते कुठे कुठे येतं हे समजल्याशिवाय लहान पिस्तूल निवडता येत नाही. भाचीला हे मी एका दमात सांगू शकलो नाही. पुढचे तीन महिने आम्ही त्यावरच बोलत होतो.

लहान हत्याराची ओढ आजची नाही. फिलाडेल्फियाचे बंदूककार हेन्री डेरिंजर एकोणिसाव्या शतकात तळहाताएवढी पिस्तुलं बनवायचे. त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा 'r' घुसून 'डेरिंजर' हे असल्या सगळ्याच पिस्तुलांचं सामान्य नाव झालं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकनवर झाडलेली गोळी अशाच पिस्तुलातली होती. त्यात एकच बार भरता येई. १९०८ मध्ये कोल्ट कंपनीने जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बंडीच्या खिशात मावणारं पिस्तूल काढलं आणि त्याचं नावच 'व्हेस्ट पॉकेट' ठेवलं. त्याची गोळी इतकी अशक्त होती की आत्मरक्षणासाठी तिच्यावर विसंबावं की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचं 'चीफ्स स्पेशल' आलं. .३८ स्पेशल काडतुसाचं हे छोटं रिव्हॉल्व्हर साध्या कपड्यांतल्या पोलिसांना आवडलं, पण लहान होण्यासाठी चक्रातलं एक घर कमी करावं लागलं होतं. सहाऐवजी पाचच गोळ्या. पुढे पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा आला आणि त्या आवृत्तीला 'एअरवेट' म्हणू लागले. २०१५ मध्ये ग्लॉक ४३ हे सपाट, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आलं, त्यात सहा गोळ्या मावत. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, सिग साउअर कंपनीच्या पी ३६५ ने जवळपास तेवढ्याच आकारात काडतुसं एकाआड एक रचून दहा बसवली.

ही सगळी हुशार माणसांची कामगिरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण प्रत्येक वेळी काहीतरी देऊन लहानपण मिळवलेलं दिसतं. कधी गोळीची ताकद गेली, कधी गोळ्यांची संख्या. पी ३६५ मध्ये दोन्ही राखल्यासारखं वाटतं. मग तिथे काय गेलं? याचं उत्तर हातात घेतल्यावर मिळतं.

पहिल्यांदा वजन सरकतं ते हातावर. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे मनगटात समजतो. नऊ मिलिमीटरची नेहमीची गोळी आठ ग्रॅमची असते आणि छोट्या नळीतून सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने निघते. बारुदाचा वायू हिशेबातून बाजूला ठेवला, तरी जितका रेटा गोळीला पुढे तितकाच पिस्तुलाला मागे. पिस्तूल गोळ्यांसकट ७०० ग्रॅमचं असेल तर ते सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने मागे येतं. तेच ३५० ग्रॅमचं केलं तर वेग होतो आठ मीटरच्या आसपास. वजन निम्मं, वेग दुप्पट, आणि हाताला जी ऊर्जा जिरवावी लागते तीही दुप्पट. पिस्तुलातून काढलेले साडेतीनशे ग्रॅम हाताच्या वाट्याला आले, एवढाच त्याचा अर्थ.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी तिला रेंजवर नेलं. आधी डोळ्यांचा चष्मा, कानांवर आवरण, आणि मग नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रुजवलेले चार नियम. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याकडे नळी वळू द्यायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि निशाण कोणतं, त्याच्यामागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय गोळी झाडायची नाही. हे नियम तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले आणि मग तिच्यासमोर तीन पिस्तुलं ठेवली. तिने अर्थातच सगळ्यात हलकं उचललं, चारशे ग्रॅमच्या आसपासचं 'एअरवेट' रिव्हॉल्व्हर. तीन गोळ्या झाडल्या आणि खाली ठेवलं. तळव्यावर अंगठ्याखाली लाल वळ उठला होता. "मामा, हे दुकानात किती छान वाटलं होतं," ती म्हणाली.

इथे एक कडी आहे आणि ती निवड करणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवी. जे हाताला लागतं त्याचा सराव माणूस टाळतो. सराव टाळला की नेम बसत नाही. नेम बसत नाही म्हणून ते हत्यार कपाटात पडून राहतं किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सरावाविना कमरेला राहतं. हलकं पिस्तूल बाळगायला सगळ्यात सोपं आणि चालवायला सगळ्यात अवघड असतं. म्हणून ते नवशिक्यासाठी नाही, मुरलेल्या हातासाठी आहे. दुकानात मात्र बहुतेक वेळा उलटं घडतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला, आणि त्यातही बाईला, सगळ्यात लहान पिस्तूल पुढे केलं जातं, कारण ते तिच्या तळहातात शोभून दिसतं.

दुसऱ्यांदा वजन सरकतं ते डोळ्यावर आणि बोटावर. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच असते आणि पुढच्या टोकाला उभा खुंट. खुंट खाचेत मधोमध दिसला की नेम सरळ. या दोहोंमधलं अंतर सोळा सेंटिमीटर असेल आणि खुंट एक मिलिमीटर सरकला, तर सात मीटरवर गोळी साधारण साडेचार सेंटिमीटर बाजूला लागते. अंतर दहा सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला सात सेंटिमीटर. थरथर तीच, पण लहान पिस्तूल ती मोठी करून दाखवतं. आणि ज्या क्षणासाठी ते जवळ ठेवायचं त्या क्षणी हात थरथरणारच.

बोटाचं गणित त्याहून बोलकं आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप पूर्ण ओढायला साधारण बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोचा जोर लागतो. ज्या वस्तूचं वजन चारशे ग्रॅम, तिला स्थिर धरून तिच्याच एका भागावर साडेपाच किलोचा जोर द्यायचा. वस्तू हलणारच. मोठ्या, जड पिस्तुलात वजनच अर्धं काम करतं, ते नळीला जागेवर धरतं. लहानात ते काम एकट्या मनगटाचं. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप हलका असतो, पण तिथे लहानपणाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. स्लाइड, म्हणजे प्रत्येक गोळीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, छोटी आणि हलकी झाली की तिला आवरायला कडक स्प्रिंग लागते, आणि ती मागे खेचताना संधिवाताची बोटं हार मानतात. मनगट सैल पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुढची गोळी अडकते. भाची फिजिओथेरपिस्ट, तिच्या हातात ताकद भरपूर. पण कामाच्या दिवसाअखेर त्याच हातांनी पाच माणसं उचललेली असतात, हे तिनेच मला सांगितलं.

रेंजवरून परतताना तिने विचारलं, "म्हणजे मधलं घ्यायचं, बरोबर?" मी म्हटलं, बहुधा. सातशे ग्रॅमच्या आसपास, पकडीत करंगळीलाही जागा मिळेल असं. पी ३६५ रिकामं ५०० ग्रॅमचं. एका काडतुसाचे बारा ग्रॅम, अशी दहा. वर होल्स्टर. बेरीज सातशेवर येते. आजच्या बाजारात अशी अर्धा डझन चांगली पिस्तुलं आहेत आणि त्यांच्यातला फरक, हाताला कुठलं बसतं याच्यापलीकडे, फार मोठा नाही. पण पिस्तूल निवडलं म्हणजे अर्धंही काम झालं नाही. खरी निवड आता सुरू होते. ते सातशे ग्रॅम अंगावर कुठे राहणार?

इथे वजन तिसऱ्यांदा सरकतं, आता कमरेवर आणि कपड्यांवर. लपवून बाळगण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत. पट्ट्याच्या बाहेर होल्स्टर लावला तर सोयीचं पडतं, पण वर जाकीट हवं आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात जाकीट घालणारा माणूसच संशय ओढवून घेतो. पँटच्या आत, कमरेच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं तर सैल सदऱ्याखाली झाकलं जातं, पण वाकलं की कापड ताणून आकार उमटतो. पोटाच्या पुढच्या बाजूला ठेवणारे खूप आहेत. तिथे हात लवकर पोचतो आणि दोन्ही हातांनी ते राखता येतं. मात्र बसल्यावर नळी मांडीकडे वळलेली असते, त्यामुळे ठेवतानाची जराशी घाई जिवावर बेतू शकते. खिशात फक्त सगळ्यात लहान मावतं, आणि त्या खिशात मग किल्ली, नाणं, पेन काही नको. घोट्याचं हत्यार गाडी चालवणाऱ्याला ठीक, पळणाऱ्याला निरुपयोगी. खांद्याच्या पट्ट्यातलं सिनेमात शोभतं. आणि पर्स.

पद्धत कुठलीही असो, एका बाबतीत तडजोड नाही. चाप पूर्ण झाकणारा, कडक, त्याच पिस्तुलाच्या मापाचा होल्स्टर. कायडेक्स नावाच्या टणक प्लास्टिकचा असो की जाड चामड्याचा, त्याचं पहिलं काम पिस्तूल धरून ठेवणं नाही, चापापर्यंत काहीही पोचू न देणं हे आहे. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू प्लॅक्सिको बरेस याने २००८ च्या नोव्हेंबरात एका नाइटक्लबमध्ये होल्स्टरशिवाय कमरेत ग्लॉक खोचलं होतं. ते पँटमधून घसरलं, त्याने झटकन धरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. वर बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. काही महिन्यांपूर्वीच, त्या फेब्रुवारीत, त्याने सुपर बोलमध्ये विजयी झेल घेतला होता. जगातले सगळ्यात सफाईदार हात म्हणावेत असे हात त्याचे, पण तीस-चाळीस डॉलरचा होल्स्टर जे करतो ते त्या हातांना जमलं नाही.

पर्सबद्दल मी भाचीशी कठोरपणे बोललो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात एक तरुण आई खरेदी करत होती. पिस्तुलासाठी मुद्दाम बनवलेल्या पर्सच्या वेगळ्या, चेन असलेल्या कप्प्यात तिचं पिस्तूल होतं. पर्स खरेदीच्या गाडीत, शेजारी दोन वर्षांचा मुलगा. त्याने चेन उघडली आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने ती गेली. तिच्याकडे परवाना होता, वळण होतं, सगळं होतं. पर्स अंगावर नसते, अंगाजवळ असते. हा फरक ज्याला कळला त्याने पर्सचा विचार सोडावा.

"पण मामा," भाची म्हणाली, "मी स्क्रब घालते. त्याला पट्टा नसतो, नाडी असते."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळी चर्चा पट्टा गृहीत धरून चालली होती. स्क्रबची, म्हणजे दवाखान्यातल्या सैल गणवेशाची, नाडी सातशे ग्रॅम पेलत नाही. पोटाला गुंडाळायचा रुंद लवचीक पट्टा मिळतो, त्यात कडक होल्स्टर बसवता येतो. पण माझ्या ध्यानात आलं की मी तिला पिस्तूल समजावत होतो आणि तिचं काम मला ठाऊकच नव्हतं. तेव्हा मी तिला शिवणाच्या सामानातली एक जाड कापडी पिशवी दिली. तिच्यात तराजूवर मोजून सातशे ग्रॅम वाळू भरली, पिस्तुलाच्या आकाराला चपटी केली आणि तोंड शिवून टाकलं. म्हटलं, पोटपट्ट्यात घाल आणि आठवडाभर कामाला जा. ही पिशवी भरलेलं पिस्तूल आहे असं मनाशी धर. उतरवलीस तर कुठे ठेवलीस, कुणी हात लावला तर कुणी, सगळं लिहून ठेव.

पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगतो. वाळूला काही शे डॉलर पडत नाहीत आणि वाळू खोटं बोलत नाही.

सोमवारी पहिलंच घर एका ऐंशीच्या आजोबांचं. पक्षाघातानंतर ते उभं राहायला शिकत होते. उभं करताना फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या अगदी जवळ, छातीशी छाती लागेल अशी उभी राहते आणि रुग्ण तिच्या कमरेला धरतो. आजोबांचा चांगला हात नेमका पिशवीवर पडला. "इन्शुलिनचा पंप का?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. खरं पिस्तूल असतं तर एका थरथरत्या, घाबरलेल्या, स्वतःचा तोल जाऊ नये म्हणून मिळेल ते घट्ट पकडणाऱ्या माणसाच्या मुठीत तिचं हत्यार असतं.

मंगळवारी दोन घरांच्या मधे पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहात गेली. पिशवी काढून फ्लशच्या टाकीवर ठेवली. हात धुतले, कॉफी घेतली, निघाली. सात मैल गेल्यावर पोटाला हलकं वाटलं तेव्हा आठवलं. परत फिरून पाहिलं तर पिशवी तिथेच होती.

गुरुवारी एका बाईंकडे जमिनीवर चटई घालून व्यायाम चालला होता. बाईंचा तीन वर्षांचा नातू भाचीच्या पाठीमागून आला, सदरा वर झाला होता, आणि दोन्ही हातांनी पिशवी ओढू लागला. शुक्रवारी रात्री थकून घरी आली, पिशवी काढून जेवणाच्या टेबलावर किल्ल्यांशेजारी टाकली आणि सकाळपर्यंत ती तिथेच राहिली.

हे ऐकून कुणी तिला निष्काळजी म्हणेल. ती निष्काळजी नाही. तिच्या रुग्णांच्या औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ असतात. विसरायला लावतं ते लहानपण. लहान आणि आरामशीर वस्तूचं यशच हे की काही दिवसांनी ती अंगाला जाणवत नाही, आणि जी जाणवत नाही ती विसरली जाते. म्हणजे वजन चौथ्यांदा सरकलं, आता स्मरणावर. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातसामानात २०२३ या एका वर्षात ६,७३७ बंदुका-पिस्तुलं सापडली आणि त्यांतली शंभरातली त्र्याण्णव भरलेली होती. त्या प्रवाशांना विचारलं की ते बहुतेक एकच सांगतात, बॅगेत आहे हे विसरलो. मी स्वतः एकदा विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून उतरलो आणि हात सहज कमरेला गेला म्हणून वाचलो. घरी परत गेलो, विमान चुकलं. त्या दिवसापासून घराबाहेर पडताना मी उंबऱ्यात थांबतो आणि आज कुठे कुठे जायचं आहे ते मनात म्हणतो.

कारण कायदा प्रत्येक दाराशी बदलतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. आज निम्म्याहून जास्त राज्यांत अशीच मोकळीक आहे. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून कडक परवाना होता. खास कारण दाखवण्याची तिथली अट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली, पण परवाना लागतोच. मोकळीक असलेल्या टेक्सासातही न्यायालयात, शाळेत, विमानतळाच्या तपासणीपलीकडे, किंवा जिथलं निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूचं आहे अशा बारमध्ये चालत नाही, आणि मालकाने ठरावीक मजकुराची पाटी लावली तर त्याच्या दुकानातही नाही. आपल्याकडून आलेल्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. ग्रीन कार्ड असेल तर पिस्तूल घेता येतं. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर, मोजके अपवाद सोडता, ते जवळ असणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राचं रेंजवर हातात घेतलं, एवढ्यावरूनही प्रश्न उभा राहू शकतो. भाचीकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून ही चर्चा तरी होऊ शकली.

कामाच्या जागी कायद्यावर आणखी एक पदर चढतो. भाचीच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की कामावर असताना कुठलंही हत्यार नको. टेक्सासचा २०११ चा कायदा नोकरदाराला आपल्या कुलूपबंद खासगी गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये, कायदेशीर पिस्तूल ठेवू देतो. पण मालकाच्या इमारतीत त्याची बंदी चालतेच. आणि गाडीत ठेवलेलं पिस्तूल दिवसातून सहा वेळा सहा अनोळखी गल्ल्यांत एकटं उभं राहणार. गाडीच्या सांगाड्याला तारेने जखडलेली लोखंडी पेटी नसेल, तर ते चोराच्याच हाती द्यायला नेल्यासारखं आहे.

शेवटचं वजन घरी येतं आणि मला सगळ्यात जड तेच वाटतं. कामासाठी घेतलेलं हत्यार दिवसाचे आठ-दहा तास कामावर असतं. उरलेले चौदा-सोळा तास ते घरात असतं, थकलेल्या, आजारी, भांडलेल्या, उदास माणसांमध्ये. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यांतल्या २६,३२८ जणांनी स्वतःला संपवलं. अनोळखी हल्लेखोराच्या भीतीने घरात आणलेल्या वस्तूपुढे तो हल्लेखोर बहुधा कधीच येत नाही. पण एखाद्या वाईट रात्री घरचंच कुणीतरी येतं. म्हणून मी भाचीला विचारलं, घरात कोण कोण आहे, कुणाला नैराश्याचा त्रास आहे का, कुलपाची पेटी कुठे राहील, किल्ली किंवा आकडा कुणाला ठाऊक असेल. मामाने असं विचारणं तिला आधी खटकलं. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे दुकानदाराने नाही विचारलं."

दुसऱ्या रविवारी ती पिशवी परत घेऊन आली. चहा झाला. पिशवी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मामा, माझ्या कमरेला दिवसभर एका माणसाचं वजन असतं. तिथे आणखी काही राहत नाही."

मला त्या वाक्याला जोडण्यासारखं काही नव्हतं. जवाहिऱ्याकडे माल पोचवणारा माणूस, रात्री गल्ला घेऊन बँकेत जाणारी दुकानदारीण, एकट्याने रान तुडवणारा सर्व्हेयर, यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. त्यांच्या कमरेला कुणी लटकत नसतं, त्यांच्या अंगावर पट्टा असतो, मालक बहुधा ते स्वतःच असतात. त्यांनी मधल्या आकाराचं पिस्तूल, कडक पट्टा, चाप झाकणारा होल्स्टर घ्यावा, दर आठवड्याला थोडा आणि न चुकता सराव करावा, आणि ते वजन आनंदाने नव्हे पण जाणून उचलावं. कामासाठी हत्यार निवडायचं तर आधी काम पाहायचं आणि मग हत्यार, एवढा क्रम सांभाळला तरी पुष्कळ चुका टळतात. भाचीच्या कामाने तिला नाही म्हटलं.

तिने मग आपल्या परीने ते वजन वाटून दिलं. त्या वसाहतीमधल्या भेटी सकाळच्या करून घेतल्या. नव्या पत्त्यावर पहिल्यांदा जाताना सोबत एक सहकारी असावा, हे वरिष्ठांकडून लेखी मान्य करून घेतलं. गाडी तोंड बाहेर करून लावते, घरातून निघण्याआधी किल्ली हातात घेते, आणि तिचा फोन कुठे आहे हे दिवसभर तिच्या नवऱ्याला आणि मला दिसतं. रेंजवर मात्र ती महिन्यातले दोन शनिवार अजून येते. जड, पोलादी पिस्तूल वापरते आणि आता सात मीटरवर तिच्या दहा गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. कधीतरी ती स्वतःसाठी, कामाबाहेरच्या वेळेसाठी, एखादं घेईल. घेतलं तर ते सगळ्यात लहान नसेल.

मी पिशवीची शिवण उसवून वाळू कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. पिशवी धुऊन ठेवून दिली आहे. तिच्या नवऱ्याच्या मित्राने परवाच फोनवर विचारलं, काका, सगळ्यात लहान कुठलं?